मुलांसाठी मानवी शरीराची पुस्तकं: घरी शिकवताना कोणती घ्यावी, कशी पारखावी?

रेघोटी

घरीच शिकणाऱ्या दोन मुलांसाठी (वय ६ आणि १०) मानवी शरीरावरची पुस्तकं निवडायची आहेत. परीक्षा नाही, ठरलेला अभ्यासक्रम नाही, साधारण तीन महिने याच विषयाला देता येतील. चाळायला घेतली की सगळी पुस्तकं एकाच आईची लेकरं वाटतात: मुखपृष्ठावर हसरा सांगाडा, आत चकचकीत चित्रं आणि जागोजागी 'तुम्हाला माहीत आहे का?'चे चौकोन. प्रश्न असे:

१. दोघांत मिळून एक पुस्तक चालेल का?
२. विकत घेण्याआधी दहा मिनिटांत पुस्तक पारखायचं कसं?
३. उघडायच्या खिडक्यांची (फ्लॅपवाली) पुस्तकं उपयोगाची की नुसती गंमत?
४. प्रजननसंस्थेच्या भागाचं काय करायचं?

जुनीवही

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, तो सुटला की बाकीचे निम्मे सुटतात. पुस्तक पहिल्या पानापासून चाळू नका. पहिली पानं सगळ्यांचीच देखणी असतात. अनुक्रमणिका काढा आणि थेट ही पानं गाठा.

मूत्रपिंडाचं पान. लहान मुलांच्या डोक्यात एक चित्र फार पक्कं असतं: पोटातून दोन नळ्या निघतात, एकीतून शी आणि दुसरीतून शू. प्यायलेल्या पाण्याचा सगळा रस्ता पुस्तकात सलग दाखवलाय का ते बघा. आतड्यातून रक्तात, रक्तातून मूत्रपिंडात, तिथून मूत्रवाहिन्यांतून मूत्राशयात. पचनाच्या पानावर आतडी, उत्सर्जनाच्या पानावर मूत्रपिंडं आणि मधल्या रक्ताचा उल्लेखच नाही, अशी मांडणी असेल तर मूल आपल्या दोन नळ्या घेऊनच पुस्तक मिटणार. मोठ्या माणसाची मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीडेक लिटरच लघवी होऊन बाहेर पडतो, बाकी सगळा रक्तात परत जातो. पुस्तकात हे 'परत जाणं' आलं असेल तर लिहिणाऱ्याला विषय कळलाय असं समजा. नुसतं 'मूत्रपिंड म्हणजे गाळणी' लिहून भागवलं असेल तर नाही.

रक्ताभिसरणाचं पान. लाल आणि निळ्या नळ्या सगळीकडेच असतात, त्याला इलाज नाही. प्रश्न एवढाच की 'निळा रंग फक्त ओळखण्यासाठी आहे, रक्त कधीच निळं नसतं, ऑक्सिजन कमी असला की गडद लाल दिसतं' हे वाक्य त्याच पानावर आहे का. नसेल तर मनगटावरच्या निळसर शिरा दाखवून मूल वाद घालेल आणि पुस्तक त्याच्या बाजूने उभं राहील.

श्वसनाचं पान. 'आपण ऑक्सिजन आत घेतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतो' यावरच थांबलेलं पुस्तक सहा वर्षांच्या मुलाला चालेल, दहाच्याला नाही. आत येणाऱ्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो, बाहेर पडणाऱ्या हवेत अजून १६ टक्क्यांच्या आसपास उरलेला असतो. म्हणून तर तोंडाने दिलेला श्वास दुसऱ्याच्या कामी येतो. बाहेरच्या श्वासात ऑक्सिजन शिल्लकच नसता तर ते कसं जमलं असतं, हा प्रश्न दहा वर्षांचं मूल विचारतंच.

जिभेचं पान. टोकाला गोड, मागे कडू, कडेला आंबट-खारट असा नकाशा असेल तर ते पान कालबाह्य आहे. १९०१ साली हेनिग नावाच्या जर्मन संशोधकाने जिभेच्या वेगवेगळ्या भागांच्या संवेदनशीलतेतला अगदी बारीक फरक मोजला होता. पुढे त्याच्या आलेखाचा अर्थ चुकीचा लावला गेला आणि हा नकाशा पुस्तकापुस्तकांतून फिरत राहिला. जिथे जिथे रुचिकलिका आहेत तिथे सगळ्या चवी कळतात. पाचवी चव, उमामी, इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ मध्येच वेगळी ओळखली होती. तरी अजून 'चवी चार' छापणारी पुस्तकं निघतात.

चार पानं, दहा मिनिटं. दोन ठिकाणी घसरलं तर ठेवून द्या.

अस्थिपंजर

जुनीवहींना अनुमोदन. त्यात चित्रांबद्दल भर घालतो, कारण या वयात मजकूर कमी वाचला जातो आणि चित्र कायमचं बसतं.

डावं-उजवं: चित्रातलं शरीर आपल्याकडे तोंड करून असतं, म्हणून त्याचं यकृत पानाच्या डाव्या बाजूला दिसतं. चांगल्या पुस्तकात कडेला 'याचा उजवा हात', 'याचा डावा हात' असं लिहिलेलं असतं. नसेल तर पेन्सिलीने लिहा. नाहीतर मूल आरशासारखं चित्र समोर धरून यकृत डावीकडे शोधत बसतं.

हृदय: छातीच्या मध्यभागी, टोक डावीकडे झुकलेलं, साधारण मुठीएवढं. पार डाव्या खांद्याखाली काढलेलं हृदय दिसलं की त्या चित्रकाराच्या बाकीच्या चित्रांवरही नजर ठेवा.

जठर: बरगड्यांच्या खाली, वर डावीकडे. 'पोट कुठे?' विचारलं की मुलं बेंबीवर बोट ठेवतात, तिथे मुख्यतः आतडी असतात.

खोली: सपाट चित्रात मूत्रपिंडं आतड्यांच्या पुढे चिकटवल्यासारखी दिसतात. खरी ती पाठीच्या बाजूला, मणक्याच्या दोन्ही अंगांना असतात. निदान एक चित्र बाजूने किंवा पाठीमागून काढलेलं हवं.

फुप्फुसं: उजव्याला तीन खंड, डाव्याला दोन. दोन्ही हुबेहूब सारखी काढली असतील तर चित्र सजावटीचं आहे, शिकवायचं नाही.

काप: हृदय मधोमध कापलेलं दाखवतात तेव्हा सहा वर्षांच्या मुलाला हृदयाला भोकं असतात असं वाटतं. शेजारी अख्खं हृदय आणि त्यावर कापाची रेघ असेल तरच ते चित्र त्या वयाला झेपतं.

आणि हाडं. कोरडी, पांढरी, खडूसारखी हाडं पाहून मुलांना ती निर्जीव टेकू वाटतात. हाडाला रक्तपुरवठा असतो, ते मोडलं तर जुळतं, त्याच्या आतल्या मज्जेत रक्तपेशी तयार होतात. या तीन गोष्टींतली एक तरी सांगाड्याच्या पानावर हवी. २०६ हा आकडा प्रौढांचा आहे. जन्मतः कुठे २७० लिहितात, कुठे ३००, कारण अर्धवट कूर्चा असलेले तुकडे कसे मोजायचे यावर ते अवलंबून आहे. दोन पुस्तकांत दोन आकडे दिसले तर एक चूक आणि एक बरोबर असं नसतं. वाढताना तुकडे एकमेकांना जुळतात, हे कळलं की पुरे.

पाटीपेन्सिल

पहिला प्रश्न: एक पुस्तक दोघांना? नाही. वाचनाची पातळी हे त्याचं कारण नाही, मोठी व्यक्ती वाचून दाखवू शकते. फरक आकारमान समजण्याचा आहे. सहा वर्षांच्या मुलाला डोळ्यांना दिसेल, हाताला लागेल, कानाला ऐकू येईल तेवढं शरीर कळतं. हाड, दात, नाडी, श्वास, ढेकर. 'पेशी' हा शब्द तो पाठ करेल, पण ती वाटाण्याएवढी समजून. दहाच्या मुलाला मात्र पेशीशिवाय पुढे जाता येत नाही. पेशीला काय लागतं हे कळल्याशिवाय फुप्फुस, आतडं आणि हृदय यांचा एकमेकांशी संबंध लागत नाही.

म्हणून तीन पुस्तकं, त्याहून जास्त नकोत. धाकट्याला एक संस्था दोन-चार पानांत संपवणारं, मोठ्या चित्रांचं. मोठ्याला 'का' सांगणारं. आणि एक शरीररचनेचा चित्रसंच, भले तो मोठ्यांसाठीचा असो, फक्त अवयव नेमका कुठे आहे ते बघायला.

खिडक्यांच्या पुस्तकांबद्दल: बहुतेक गंमतच. खिडकी उघडली आणि आत 'हे यकृत आहे' एवढंच लिहिलेलं असेल तर मूल एकदा उघडतं आणि विसरतं.

अस्थिपंजर

>> बहुतेक गंमतच

इथे असहमत. थरांचं पुस्तक आणि खिडक्यांचं पुस्तक यात फरक करा. पानभर विखुरलेल्या टिचभर खिडक्या म्हणजे गंमत, मान्य. पण एकाच धडावर एकामागून एक पडदे उघडत जातात ते पुस्तक, सपाट चित्राला जमत नाही ते काम करतं, खोली दाखवतं. त्वचा, स्नायू, बरगड्या, मग फुप्फुसं आणि हृदय, खाली यकृत-जठर, मग आतडी, त्यामागे स्वादुपिंड आणि मूत्रपिंडं, शेवटी मणका. हा क्रम चुकलेला नसेल तर सहाच्या मुलासाठी याहून चांगलं काही नाही. तपासायची खूण गळ्यात आहे: श्वासनलिका पुढे, अन्ननलिका मागे. उलट असेल तर थर केवळ दिसायला छान म्हणून रचलेत.

बांधणीही पाहा. त्याच जाड कागदातून कापून दुमडलेला पडदा टिकतो, वरून डिंकाने चिकटवलेला पहिल्या आठवड्यात हातात येतो. घरी आणल्याबरोबर घडीच्या मागून पारदर्शक चिकटपट्टी लावा. पुढून लावली तर घडी ताठ होते आणि पडदा शेजारून फाटतो.

पाटीपेन्सिल

थरांच्या पुस्तकाबद्दल मागे घेते. टिचभर खिडक्यांबद्दल नाही.

उलटतपासणी

'तुम्हाला माहीत आहे का?'च्या चौकोनांबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून मी बोलतो. सगळ्यात जास्त कचरा तिथेच असतो. मजकूर तज्ज्ञाकडून तपासून घेतात, चौकोन जुन्या पुस्तकांतून उचलतात. छपाईचं साल आणि मूळ आवृत्तीचं साल वेगळं असू शकतं. पुनर्मुद्रणाचं ताजं साल बघून फसू नका, आतले आकडे पुस्तकाचं खरं वय सांगतात.

माणसात एक लाख जनुकं लिहिली असतील तर मजकूर मानवी जनुकसंचाचा आराखडा हाती येण्याआधीचा, म्हणजे २००१ च्या आधीचा आहे. प्रथिनं घडवणारी जनुकं सुमारे २० हजार आहेत.

शरीरात स्वतःच्या पेशींच्या दसपट जिवाणू असतात, हेही असंच. २०१६ मधल्या नव्या हिशेबात दोन्ही जवळपास सारखे भरले: साधारण ३० लाख कोटी पेशी आणि ३८ लाख कोटी जिवाणू.

लहान आतडं पसरलं तर टेनिसचं मैदान भरेल. २०१४ मध्ये नव्याने मोजमाप झालं तेव्हा पूर्ण पचनमार्गाचं आतलं क्षेत्रफळ ३० ते ४० चौरस मीटर भरलं, म्हणजे बॅडमिंटनचं अर्धं मैदान. तेही काही कमी नाही, पण टेनिस नव्हे. लहान आतड्याची '६ मीटर' लांबी मृत्यूनंतर स्नायू सैल पडल्यावर मोजलेली असते, जिवंत शरीरात ते बरंच आखडलेलं असतं.

मेंदूचा फक्त १० टक्के भाग वापरला जातो: हे दिसलं की पुस्तक मिटा. याला कसलाच आधार नाही.

जीभ वळवता येणं एका जनुकावर ठरतं: हे मोठ्या मुलांच्या पुस्तकात आनुवंशिकतेच्या पानावर हमखास सापडतं. १९४० मध्ये स्टर्टिव्हंट या अमेरिकन आनुवंशिकीतज्ज्ञाने ते मांडलं, पण जुळ्यांच्या अभ्यासात एकाला जीभ वळवता येते आणि दुसऱ्याला नाही अशा एकसारख्या जुळ्यांच्या जोड्या निघाल्या आणि पुढे त्यानेच ती कल्पना सोडली. घरी शिकवताना हे जास्तच जपायचं. आईबाबांना वळवता येत नाही आणि मुलाला येते, असं निघालं की पुस्तकाच्या हिशेबाने भलताच निष्कर्ष निघतो.

कोरापान

शेवटचा मुद्दा फार मोलाचा. रक्तगट आणि डोळ्यांचा रंग यांच्या तक्त्यांनाही तीच खबरदारी. डोळ्यांचा रंग अनेक जनुकांवर ठरतो, दोन चौकोनी तक्त्यात मावत नाही.

रेघोटी

जुनीवही, अस्थिपंजर, उलटतपासणी, मनापासून आभार. वाचनखूण साठवली आहे. पुढचा प्रश्न भाषेचा. घरात मराठीच बोलतो, पण चांगली चित्रं इंग्रजी पुस्तकांत जास्त. मराठी पुस्तक घेतलं तर मुलं शब्दांना अडखळतील का?

शब्दवेडा

अडखळतील, पण वेगळ्याच ठिकाणी. 'यकृत', 'स्वादुपिंड', 'श्वासपटल' हे शब्द मुलं मजेत पचवतात, नवे असतात म्हणून. घोटाळा ओळखीच्या शब्दांत होतो.

पोट: बोलताना पोट म्हणजे बाहेरून दिसतं ते आणि जठरही. पुस्तकात 'अन्न पोटात जातं' असेल तर मूल बेंबीपाशी जाऊन थांबतं. 'जठर' शब्द वापरणारं पुस्तक घ्या.

शीर: तोंडी भाषेत रक्तवाहिनीही शीर, कंडराही (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) शीर आणि 'शीर दबली' म्हणतात तेव्हा चेतातंतू. पुस्तकात शीर फक्त हृदयाकडे रक्त नेणारी. हा फरक पहिल्याच दिवशी सांगून टाका. मनगट वाकवल्यावर जी ताठ दोरी दिसते ती कंडरा, निळसर रेघ ती शीर.

मज्जा: काही पुस्तकांत मज्जासंस्था आणि मज्जारज्जू, आणि त्याच पुस्तकात हाडातली अस्थिमज्जा. मूल दोन्ही एकच समजतं आणि हाडांच्या आतून विचार धावतात असा त्याचा ग्रह होतो. चेतासंस्था, चेतापेशी, मेरुरज्जू असे शब्द असलेलं पुस्तक बरं.

धमनी की रोहिणी, शिरा की नीला: दोन्ही जोड्या चालू आहेत. कोणतीही घ्या, पण घरातल्या सगळ्या पुस्तकांवर पेन्सिलीने एकच लिहा.

काळीज: भाषेत ते धडधडतं, तुटतं, वाघाचं असतं. पुस्तकात हृदय. मोठ्या मुलाला हा फरक सांगायला मजा येते.

आणि सगळ्यात वाईट जोडी: शुद्ध रक्त आणि अशुद्ध रक्त. शिरेतल्या रक्तात घाण नसते, ऑक्सिजन कमी असतो इतकंच, आणि तोही बराच शिल्लक असतो. पचलेल्या अन्नातली पोषकद्रव्यं आतड्यांकडून यकृताकडे नेणारं रक्तही शिरेतलंच, त्याला अशुद्ध कोण म्हणेल? पुढे पाळीबद्दल बोलताना हाच 'अशुद्ध' शब्द पुन्हा कानावर पडतो आणि मूल दोन्हींची गाठ मारतं. ऑक्सिजनयुक्त आणि ऑक्सिजनविरहित असे शब्द असलेलं पुस्तक निवडा. खरं तर 'विरहित'ही अतिशयोक्तीच, पण अशुद्धपेक्षा सोसवते.

इंग्रजी पुस्तक चित्रांसाठी घ्यायला हरकत नाही. नावांवर मराठी चिठ्ठ्या मुलांनाच चिकटवू द्या, त्यातच निम्मा अभ्यास होतो. भाषांतरित पुस्तक घेताना चित्रातल्या रेघा आणि नावं जुळतात का ते बघा. भाषांतरात नावं सरकतात आणि 'पित्ताशय'ची रेघ स्वादुपिंडावर जाऊन टेकते.

जुनीवही

अवांतर: डोळ्यातली बाहुली राहिली. धाकट्यांना डोळ्यात खरीच बाहुली बसलेली वाटते. ते छिद्र आहे, प्रकाश आत जायचं, हे सांगणारं वाक्य शोधा.

कोरापान

प्रयोग दिलेल्या पुस्तकांबद्दल लिहितो. कृती छापलेली असली तरी ती कुणी करून बघितली असेलच असं नाही. पुढच्या चारांवरून पुस्तक ओळखता येतं.

नाडी: '१५ सेकंद मोजा आणि ४ ने गुणा' असं असेल तर एका ठोक्याची चूक चारपट होते. मुलांसाठी ३० सेकंद आणि २ ने गुणणं बरं. अंगठा वापरू नका, अंगठ्याचीच नाडी लागते. पुस्तकात फक्त '७२' दिलं असेल तर तो मोठ्यांचा आकडा आहे. ६ ते १० वयाच्या मुलांचे शांत बसल्यावर ७० ते ११० च्या दरम्यान ठोके भरतात. हे लिहिलेलं नसेल तर ९५ मोजणारं मूल घाबरतं.

बाटलीतलं फुप्फुस: एक लिटरच्या बाटलीचा तळ कापायचा, तोंडातून आत फुगा सोडून कडा तोंडावर ओढायच्या, तळाला अर्धा कापलेला मोठा फुगा ताणून बसवायचा. खालचा ओढला की आतला फुगतो. आतला फुगा आधी दोन-तीनदा तोंडाने फुगवून सैल करून घ्या, कोरा फुगा ताठ असतो आणि हलत नाही. तळाशी बारीक फट राहिली तरी प्रयोग फसतो, चिकटपट्टीचे दोन वेढे घ्या. आता पुस्तकाची परीक्षा: मॉडेलच्या उणिवा सांगितल्यात का? बाटलीत फुग्याभोवती मोकळी जागा असते, छातीत फुप्फुस भिंतीला लागून असतं. बाटलीची भिंत हलत नाही, बरगड्या वर-बाहेर सरकतात. आणि महत्त्वाचं, छाती मोठी होते म्हणून हवा आत येते, हवा आत आली म्हणून छाती मोठी होत नाही.

लाळ आणि स्टार्च: अर्धा लिटर पाण्यात एक चहाचा चमचा कॉर्नफ्लॉवर कालवून उकळायचं आणि गार करायचं. दोन छोट्या पेल्यांत चार-चार चमचे घ्या. एकात चमचाभर लाळ, दुसऱ्यात चमचाभर पाणी. दोन्ही कोमट पाण्याच्या भांड्यात १५ मिनिटं ठेवा. मग प्रत्येकातून थोडं वेगळं काढून त्यावर आयोडीनचे एक-दोन थेंब. पाण्याच्या पेल्यातलं निळं-काळं होतं, लाळेच्या पेल्यातलं फिकट किंवा तपकिरी. फसण्याची कारणं: स्टार्च दाट झालं तर लाळ पुरत नाही. भांड्यातलं पाणी कढत असलं तर लाळेतलं विकर (स्टार्च तोडणारं एन्झाइम) निकामी होतं. 'कोमट' म्हणजे हाताला सोसेल असं, ३७ अंशांच्या आसपास. आयोडीन तोंडात जाऊ द्यायचं नाही आणि प्रयोगातलं काहीही चाखायचं नाही. ही सूचना नसलेलं पुस्तक प्रयोगांसाठी नको.

अंधबिंदू: फुली आणि ठिपका ७ सेंमी अंतरावर, फुली डावीकडे. डावा डोळा झाकून उजव्याने फुलीकडे पाहायचं आणि कागद हळूहळू जवळ आणायचा. साधारण २६ सेंमीवर ठिपका गायब होतो. काही पुस्तकांत डोळ्याची बाजू उलट छापलेली असते, मग ठिपका कधीच जात नाही आणि मूल स्वतःलाच दोष देतं. विकत घेण्याआधी उभ्या उभ्या करून बघण्यासारखा हा एकच प्रयोग.

अस्थिपंजर

रक्ताचं मण्यांचं मॉडेल राहिलं. चित्रात लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि बिंबिका (प्लेटलेट) जवळपास सारख्याच संख्येने तरंगताना दाखवतात. खरं प्रमाण एका पांढऱ्या पेशीमागे सुमारे ३५ बिंबिका आणि ७०० लाल पेशी. लाल मणी ७०० मोजत बसू नका. शंभर मोजून वजन करा, त्याच्या सातपट तोला. त्या ढिगात एक पांढरा मणी शोधायला लावलं की दहाच्या मुलाला प्रमाण कळतं, सहाच्याला खेळ मिळतो. मण्यांचे आकार मात्र फसवे असतात: पांढरी पेशी लालपेक्षा मोठी, बिंबिका फार लहान. ते तोंडी सांगा.

पाटीपेन्सिल

उपमांबद्दलही सावध राहा. रोगप्रतिकारशक्ती म्हणजे सैन्य, मेंदू म्हणजे संगणक, शरीर म्हणजे कारखाना. सैन्याच्या उपमेत सगळे सूक्ष्मजीव शत्रू होतात आणि आतड्यातले उपयोगी जिवाणू कुठे बसवायचे ते कळत नाही.

उलटतपासणी

उपमेशिवाय सहा वर्षांच्या मुलाला शिकवून दाखवा. उपमा असू द्या, ती कुठे तुटते तेही पुस्तकाने सांगावं. ताप म्हणजे शत्रूचा हल्ला नाही, शरीराने स्वतःच वाढवलेलं तापमान आहे. सैन्याच्या गोष्टीत हे वाक्य आलं तर उपमा चालली.

जुनीवही

चौथा प्रश्न तसाच राहिलाय. स्पष्टच लिहिते.

वयात येण्याचे बदल मुलींमध्ये साधारण ८ ते १३ आणि मुलग्यांमध्ये ९ ते १४ या वयात सुरू होतात. म्हणजे दहाच्या मुलासाठी हा भाग 'पुढे कधीतरी' नाही, याच तीन महिन्यांतला आहे. मुलगा असो वा मुलगी, दोन्ही शरीरांची माहिती एकाच पुस्तकात हवी.

तपासायचं ते असं. अवयवांची खरी नावं आहेत का: शिश्न, वृषण, योनी, गर्भाशय, अंडाशय. स्त्रीच्या शरीरात मूत्रमार्गाचं, योनीचं आणि गुदाचं अशी तीन वेगळी द्वारं असतात, हे बाहेरून काढलेल्या चित्रात दिसतं का. बहुतेक पुस्तकांत फक्त गर्भाशयाचं समोरून काढलेलं चित्र असतं. शेजारी मूत्राशय नसल्यामुळे लघवी आणि पाळी एकाच मार्गाने येतात असं मुलं धरून चालतात. बाजूने घेतलेला काप असेल तर हा गैरसमज तिथेच मिटतो.

धाकट्यासाठी वेगळं पुस्तक नको. त्याच्या पुस्तकातल्या शरीराच्या चित्रात इतर अवयवांसारखी या अवयवांचीही नावं असावीत, एवढं पुरे. गुळगुळीत बाहुलीसारखं धड असेल तर पेन्सिलीने नावं लिहा. दुखलं-खुपलं किंवा कुणी नकोसा हात लावला तर सांगायला मुलाकडे शब्द असावा लागतो.

शब्दवेडा

पूर्ण अनुमोदन. पानावर 'गुप्तांग' एवढाच शब्द असेल तर तो एका अवयवाचं नाव नाही, हे लक्षात घ्या.

रेघोटी

आणि क्रम? पुस्तकात तर पेशी, ऊती, अवयव असा चढता क्रम असतो.

पाटीपेन्सिल

तो लिहिणाऱ्याच्या सोयीचा क्रम. दोन वयं एकत्र शिकवताना असा घ्या: हाडं-स्नायू २ आठवडे, पचन २, श्वसन आणि रक्ताभिसरण मिळून ३, मूत्रपिंडं १, चेतासंस्था आणि ज्ञानेंद्रियं २, रोगप्रतिकार १, प्रजनन १. बारा झाले. श्वसन आणि रक्त वेगळं करू नका, हृदयाला दोन बाजू का असतात याचं उत्तर फुप्फुसात आहे. मूत्रपिंडं रक्तानंतरच, वर जुनीवहींनी सांगितलेल्या दोन नळ्यांमुळे. पेशी मोठ्या मुलाला पचनाच्या दुसऱ्या आठवड्यात आणा, 'हे सगळं अन्न शेवटी जातं कुणाकडे?' हा प्रश्न तेव्हा आपोआप उभा राहतो.

पुस्तक उघडण्याआधी मात्र एक काम. मुलाला मोठ्या कागदावर झोपवून बाह्यरेषा काढा आणि आत काय काय आहे ते त्याच्या मनाने काढू द्या. पेन्सिल उभी धरा. तिरकी धरली तर ती शरीराखाली सरकते आणि आकृती बारीक येते. तारीख घालून गुंडाळून ठेवा. बाराव्या आठवड्यात दुसरा कागद. दोन कागद शेजारी ठेवले की कुठलं पुस्तक पोहोचलं आणि कुठलं नाही, ते दिसतं.

रेघोटी

शेवटचं. एक पुस्तक बाकी सगळ्या कसोट्यांना उतरलंय, फक्त जिभेचा नकाशा जुना आहे. सोडून देऊ?

जुनीवही

अजिबात नको. एकाच ठिकाणी घसरलंय ना, मग ते पान प्रयोगाला वापरा. तीन वाट्या: ५० मिली पाण्यात चमचाभर साखर, तेवढ्याच पाण्यात पाव चमचा मीठ, आणि पाण्यात पिळलेलं थोडं लिंबू. कापसाच्या काड्या. जीभ स्वच्छ कापडाने टिपून घ्यायची, नाहीतर थेंब लाळेतून पसरतो आणि सगळीकडे सगळंच लागतं. काडी एका जागी टेकवायची. जीभ आत न घेता समोरच्या चिठ्ठ्यांवर बोट ठेवून उत्तर द्यायचं, तोंड मिटलं की तो घास बाद. दर वेळी पाण्याने चूळ, काडी नवी. टोक, दोन्ही कडा, मागचा भाग आणि मध्य, प्रत्येक जागी तिन्ही चवी. कडू घेऊ नका, मागे टेकवलं की ओकारी येते.

मधोमध काहीच नीट कळत नाही असं निघेल. तिथे रुचिकलिका फार कमी असतात, प्रयोग चुकलेला नसतो. मग पुस्तकातल्या नकाशावर मुलांनीच कोरा कागद चिकटवायचा आणि स्वतःचा नकाशा काढायचा.

रेघोटी

मागच्या भागाला काडी टेकवताना ती किती मागे न्यायची?

जुनीवही

जीभ बाहेर काढल्यावर ओठांच्या आत जेवढी सहज दिसते तेवढीच. त्यापलीकडे कापडही नको.